७८ ची पद्मिनी, इंजिन गेलंय. जुनंच बांधू का दुसरं बसवू? सोलापूरकरांनो सांगा

होटगीरोडकर

नमस्कार मंडळी. घरी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे, काकांची होती, आता माझ्या नावावर आहे, आरसी इन्शुरन्स सगळं चालू. गेल्या उन्हाळ्यापासून निळा धूर मारायलीय, ऑइल पितीय, आणि तुळजापूरचा घाट लागला की टेम्परेचरचा काटा असा वर जातोय की दोनदा थांबून बॉनेट उघडायला लागतंय. आई मागं बसलेली असती, ४२ डिग्री ऊन, मला त्या घाटात जीव मुठीत धरून चालवायला नको वाटतंय.

तीन मिस्त्री बघून गेले, तिघांचं तीन. एक म्हणतो ओम्नीचं इंजिन टाका स्वस्तात होतंय, दुसरा म्हणतो जिप्सीचं टाका गाडी उडती, तिसरा म्हणतो १३७डी चं, म्हणजे पद्मिनीच्याच नंतरच्या डिझेल मॉडेलचं इंजिन बसवा, ते पद्मिनीचंच हाय. जुनं इंजिन बांधायचं म्हटलं की तिघंबी एकच बोलतेत, पार्ट मिळत नाहीत फेकून द्या.

मला गाडी शो ला ठेवायची नाही, चालवायचीय. महिन्याला तुळजापूर नाहीतर अक्कलकोट, कधीतरी पुणे. कुणी केलंय का असं काम? काय बसतंय, काय बसत नाही, आणि विजापूर रोडला आरटीओत काय म्हणतेत, खरं खरं सांगा.

बाळीवेस_७२

ओम्नीचं तर अजिबात नको भावा. ओम्नीचं ७९६ सीसी, तीन सिलिंडर. तुझं आत्ताचं १०८९ सीसी, चार सिलिंडर, चाळीस घोड्यांच्या आसपास. पद्मिनीचं वजन ९०० किलोच्या जवळ, वर चार माणसं. आहे त्याच्यापेक्षा कमी ताकदीचं इंजिन टाकून घाट चढणार कसा? स्वस्त पडतंय म्हणून सांगायलेत ते, दुसरं काय नाही.

मोहोळ_जिप्सी

मी जिप्सीवाला आहे त्यामुळे माझं मत जिप्सीकडंच जाणार, पण कारण ऐका. पद्मिनीचं इंजिन उभं असतंय, म्हणजे गाडीच्या लांबीत, आणि मागची चाकं ओढतात. मारुतीची बहुतेक इंजिनं आडवी आणि पुढची चाकं ओढणारी, ती इथं कामाची नाहीत. जिप्सी किंगचं १२९८ सीसी मात्र उभं बसतं, पाच गिअर आहेत, आणि जिप्सीत ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा, गिअरबॉक्सपासून वेगळी असती, मध्ये छोटा शाफ्ट. ती केस काढून ठेवली की गिअरबॉक्सच्या मागनं सरळ प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडं जाणारा दांडा) घेता येतोय. एस्टीमचं इंजिन पण त्याच खानदानातलं, फक्त आडवं बसवलेलं, त्यामुळं जिप्सीच्या गिअरबॉक्सला जुळवता येतंय. इंजिन ॲल्युमिनियमचं, वजनाला हलकं, पार्ट कुठंबी मिळतेत, मोहोळला पण.

कार्बोरेटरवालं घ्या म्हणजे वायरिंगची भानगड नाही. सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनवालं घेतलं तर ताकद तुझ्या आत्ताच्या इंजिनाच्या जवळपास दुप्पट, पण मग ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंगचं सगळं हार्नेस, सेन्सर आणि टाकीत प्रेशरचा पंप. कार्बोरेटरला पेट्रोल नुसतं पोचलं तरी चालतंय, इंजेक्शनला तीन बारच्या आसपास प्रेशर लागतंय, म्हणजे टाकीपासून पाइप सगळे नवीन.

पुण्याचा_फियाटवाला

मोहोळकरांनी इंजिनाचं बरोबर सांगितलंय, मी इंजिनाच्या भोवतीचं सांगतो कारण खरा पैसा आणि वेळ तिथे जातो.

माझ्या मित्राच्या पद्मिनीत ११८एनई चं इंजिन बसवलं, मी जवळजवळ सगळं काम बघितलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ११८एनई पण प्रीमियरचीच गाडी, बॉडी फियाट १२४ ची आणि इंजिन निस्सानचं ए१२, ११७१ सीसी. पद्मिनीचा क्रँक तीन मेन बेअरिंगवर फिरतो, ए१२ चा पाचवर, त्यामुळे हायवेला जास्त आरपीएमवर ते फार शांत चालतं, हे मान्यच करायला पाहिजे. पुशरॉडचं साधं इंजिन, कुठलाही जुना मिस्त्री उघडू शकतो. पद्मिनीत बदलायचंच असेल तर हे त्यातल्या त्यात शहाणपणाचं.

पण झालं काय, इंजिन आत गेलं आणि चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, गाडीच्या सांगाड्याच्या आडव्या क्रॉसमेंबरला टेकायला लागलं. चेंबर कापून परत वेल्ड केलं, मग ऑइल पंपाची जाळी खाली टेकते का वर राहते ते बघत बसले, कारण जाळी तळापासून लांब राहिली तर वळणावर ऑइल सुटतं आणि बेअरिंग जातात. माउंटिंग नवीन बनवले. गिअर स्टिअरिंगवरचा होता तो गेला, फ्लोअरला भोक पाडून खाली लिव्हर आला, म्हणजे पुढची बेंच सीट पण कापावी लागली. प्रोपेलर शाफ्ट लांबीला जुळेना म्हणून कापून वेल्ड करून बॅलन्सिंगला दिला, पहिल्या बॅलन्सिंगला ६० च्या वर गाडी थरथरत होती, परत दिला. क्लचची जोडणी वेगळी. स्पीडोमीटरची केबल वेगळी. सायलेन्सरचा पुढचा पाइप वेगळा. रेडिएटर पुढे सरकवला तर पंखा लांब पडला. इंजिन स्वस्त मिळालं होतं, बाकीच्या कामाला त्याच्या कितीतरी पट गेले.

आणि एवढं करून ती गाडी आज उभी आहे. आरटीओत आरसीच्या रिन्यूअलला नेली तेव्हा इन्स्पेक्टरने चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर बघितला, इंजिन नंबर आरसीशी जुळत नाही, तिथेच अडलं.

होटगीरोडकर

बाप रे. बेंच सीट कापायची हे कुणी बोललंच नव्हतं मला. आई पुढच्या बेंचवर बसून पाय आवरून मांडी घालून बसती, तेच तिला आवडतंय या गाडीत. अडलं म्हणजे नक्की कशात अडलं? इंजिन नंबर बदलून घेता येतो ना?

कोर्टगल्ली

इथं लिहितो कारण यावर फार चुकीचं सांगितलं जातं.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर जी माहिती आहे ती कंपनीने मुळात जी दिली त्यापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही, असं ते कलम सांगतं. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हेच धरून निकाल दिला. त्याच्यानंतर आरटीओला ढील द्यायला जागा फार कमी राहिलीय.

आता दोन गोष्टी वेगळ्या करा. तुमचं पद्मिनीचं इंजिन गेलं आणि तुम्ही दुसऱ्या पद्मिनीचं त्याच जातीचं इंजिन बसवलं, तर तो इंजिन बदल आहे, आधी परवानगी घ्या, नाही घेतली तर १४ दिवसांत कळवायचं असतं, इंजिनाची पावती, ज्या गाडीचं होतं तिचे कागद जोडायचे, तपासणी होते, नवीन नंबर आरसीवर चढतो. हे होऊ शकतं. पण १०८९ सीसीच्या जागी १२९८ सीसी दुसऱ्याच कंपनीचं, म्हणजे आरसीवरची सीसी, मेक सगळं बदललं, हे कलम ५२ च्या आडवं येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए मध्ये अशा बदलाला मालकाला ५,००० रुपये दर बदलामागे दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं आहे.

१३७डी चं डिझेल "पद्मिनीचंच आहे" म्हणून चालेल असं जे मिस्त्री म्हणाले ते पण तसं सरळ नाही, तुमच्या आरसीवर इंधन पेट्रोल आहे आणि तुमच्या सालच्या मॉडेलला कंपनीने ते इंजिन दिलंच नव्हतं. इंधन बदलायला कायद्यात वाट आहे, पण ती मंजूर किटची, सीएनजी, एलपीजी, बॅटरी. जुनं डिझेल इंजिन उचलून टाकणं त्यात येत नाही.

इन्शुरन्सचं पण बघा. पॉलिसीवर इंजिन नंबर असतो. घाटात देव न करो काही झालं आणि नंबर जुळला नाही तर कंपनी पहिलं बोट तिथंच ठेवते. थर्ड पार्टीचा स्लॅब १००० ते १५०० सीसी एकच आहे, प्रीमियम वाढत नाही, म्हणून लोकांना वाटतं काही फरक पडत नाही. प्रश्न प्रीमियमचा नाहीये, ज्याला धडक बसली त्याला पैसे कोण देणार हा आहे.

मोहोळ_जिप्सी

वकीलसाहेब, मान्य. पण जिल्ह्यात निम्म्या जुन्या जीपमध्ये दुसरीच इंजिनं आहेत, पेट्रोलच्या विलीजमध्ये डिझेल टाकून वर्षानुवर्षं फिरतेत. आणि हिंदुस्तान मोटर्सनं स्वतः ॲम्बेसेडरमध्ये इसुझूचं १८०० टाकलंच की, ती गाडी जुन्या १५०० पेक्षा किती चांगली पळायची.

कोर्टगल्ली

जीपांच्या त्या बदलांपैकी बरेच २००० सालच्या आधीचे आहेत, तेव्हा कलमाची भाषा वेगळी होती आणि परवानगी घेऊन आरसीवर चढवलेले आहेत. ज्यांचे चढवलेले नाहीत त्यांची आज रिन्यूअलला काय अवस्था होते ते विचारून बघा. ॲम्बेसेडरचं म्हणाल तर ते कंपनीनं केलं, टेस्टिंग करून, मंजुरी घेऊन, गिअरबॉक्सही पाच गिअरचा त्या इंजिनाला जुळणारा देऊन. घरी करताना ती मंजुरी कुणी देत नाही.

बाळीवेस_७२

आणखी एक. गाडी ७८ ची म्हणजे २०२८ ला पन्नास पूर्ण. २०२१ ला नियम आलाय, ५० वर्षांवरची गाडी मूळ स्वरूपात असेल तर व्हिंटेज म्हणून नोंदवता येती, नंबरात व्हीए येतंय, वीस हजार फी, दहा वर्षं चालतंय. चॅसिस, बॉडी, इंजिनात बदल असेल तर नाही.

पुण्याचा_फियाटवाला

ते खरं, पण व्हीए वाली गाडी रोजच्या वापराला चालत नाही, रॅली प्रदर्शन दुरुस्ती पेट्रोल एवढ्यासाठीच बाहेर काढायची. यांना आईला तुळजापूरला न्यायचंय. त्यांनी नेहमीचं पाच वर्षांचं रिन्यूअलच करावं. फक्त मूळ इंजिन ठेवलं तर दोन्ही वाटा उघड्या राहतात, हे मात्र आहे.

लेथवाला_अक्कलकोटरोड

मी मशीन शॉपवाला. फियाटची इंजिनं बांधण्यात माझी उमर गेली, एकेकाळी आठवड्याला पद्मिनीचे ब्लॉक यायचे, आता महिन्यात एखादा. म्हणून जरा लांब लिहितो, वाचा.

पहिलं, इंजिन गेलं हे कुणी ठरवलं? कॉम्प्रेशन बघितलं का? तीन मिस्त्री आले आणि एकानं पण गेज लावलं नाही असं दिसतंय. गेज लावा, चारी सिलिंडरचे आकडे घ्या, इंजिन गरम असताना, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. मग ज्याचं कमी आलं त्याच्या प्लगच्या भोकातनं चमचाभर ऑइल टाका आणि परत घ्या. आकडा वर आला तर पिस्टनची रिंग नाहीतर बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होतो ते भोक, झिजलंय. नाही आला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारची दोन कमी असतील आणि ऑइल टाकूनबी तशीच राहिली तर हेड गॅस्केट. एवढं केल्याशिवाय इंजिन फेकायची भाषा करायची नाही.

दुसरं, धूर आणि हीट होणं ही दोन दुखणी वेगळी असू शकतेत. धूर रिंगचा. हीट बहुतेक पाण्याचा. आपल्याकडं बोअरवेलचं पाणी किती जड आहे ते घरातल्या गिझरला विचारा, तेच पाणी पन्नास वर्षं रेडिएटरला घातलंय लोकांनी. मी ब्लॉकचे वॉटर प्लग काढतो तेव्हा मागच्या सिलिंडरभोवती क्षार असा बसलेला असतो की पाण्याला जायला जागाच नसते, छिन्नीनं काढायला लागतो. तुम्ही नवीन इंजिन जरी घेतलंत आणि तसल्याच क्षारानं भरलेला रेडिएटर जुनाच ठेवलात तरी त्या घाटात ते इंजिनबी हीट होणार. रेडिएटरची कोअर उघडून साफ करा नाहीतर नवीन कोअर घाला, पंप बघा, थर्मोस्टॅट कुणीतरी काढून टाकलेला असणार तो परत बसवा, आणि इथून पुढं कूलंट मिसळून आरओचं नाहीतर डिस्टिल्ड पाणी. बोअरवेलचं एक तांब्या पण नाही.

तिसरं, पार्ट. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरला बंद झाली. तोवर त्या टॅक्सींच्या जिवावर पार्ट बनत होते, त्यामुळं अजून बाजारात माल आहे. पिस्टन, रिंग, बेअरिंग, गॅस्केट सेट, व्हॉल्व्ह गाइड मिळतेत, थोडं शोधावं लागतंय एवढंच. मूळ बोअर ६८ एमएम. वीस थाउ, चाळीस थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज पिस्टन बसतेत. त्याच्यापुढं गेलेला ब्लॉक असेल तर लाइनर ठोकून परत ६८ वर आणतो आपण, म्हणजे ब्लॉकला नवा जन्म. क्रँक घासलेला असेल तर ग्राइंड करून दहा, वीस, तीस अंडरसाइज बेअरिंग. फक्त क्रँकला क्रॅक आहे का ते टेस्ट करून घ्या, क्रॅक असेल तर तो क्रँक परत घालायचा नाही, कितीबी कुणी म्हणू दे. हेड ॲल्युमिनियमचं, हीट झालेलं आहे म्हणजे वाकलेलं असणार, प्लेन करायला लागेल, पण जेवढं लागतंय तेवढंच, उगीच जास्त खरवडलं की कॉम्प्रेशन वाढतंय आणि इंजिन ठोकायला लागतंय.

ब्लॉक फुटलाच असेल, कनेक्टिंग रॉड बाहेर आला असेल, तर मग दुसरं पद्मिनीचं इंजिन शोधा, कागदासकट. माझ्याकडं येणाऱ्या ब्लॉकपैकी खरंच फेकून द्यायचे फार थोडे असतेत. बाकी सगळे बांधता येतेत. लोक कंटाळून फेकतेत, आणि मिस्त्रीला बांधायचं काम येत नाही म्हणून तो दुसरं बसवू म्हणतो. माणसानं चाळीस पंचेचाळीस वर्षं सेवा घेतली त्या इंजिनाची, एकदा उघडून माप तरी घ्यावं.

सातरस्ता_मास्तर

लेथवाले मामांनी मनातलं लिहिलं. एक गोष्ट सोलापूरकर म्हणून सांगावीशी वाटते. ही गाडी ज्या कंपनीची, ती प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली काढली शेठ वालचंद हिराचंद यांनी, आणि त्यांचा जन्म आपल्या सोलापूरचा, १८८२ चा. जहाजं, विमानं, मोटारी, सगळ्यात या माणसानं उडी घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या मदतीनं डॉज, प्लिमथ जुळवल्या, मग फियाट आली. शेठजी १९५३ ला गेले, पद्मिनी त्यांनी बघितली नाही. पण आपल्या गावात वालचंद कॉलेजवरून रोज जाणाऱ्या पोरांना हे माहीत नसतं. अशी गाडी मूळ इंजिनावर सोलापूरच्या रस्त्यावर चालती राहावी असं मला फार मनापासून वाटतं.

होटगीरोडकर

मास्तर, हे खरंच माहीत नव्हतं, आईला वाचून दाखवलं.

मामा तुम्ही सांगितलं तसं गेज लावलं. एक नंबर ११५, दोन ११०, तीन ७०, चार ११०. ऑइल टाकल्यावर तीन नंबर १०५ ला गेलं. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. थर्मोस्टॅट खरंच नाही, नुसतं रिकामं घर आहे.

लेथवाला_अक्कलकोटरोड

मग तीन नंबरची रिंग तुटलीय नाहीतर बोअरला रेघ पडलीय. व्हॉल्व्ह बरे दिसतेत. बाकी तीन सिलिंडर या वयाला चांगले आहेत. हे इंजिन मेलेलं नाही बाळा.

मोहोळ_जिप्सी

आकडे बघून मी पण म्हणतो की बांध. माझा मुद्दा हायवेचा होता, पुण्याला जाताना ट्रक मागं लागला की पद्मिनीत पिकअप नसतो, ते दुखणं राहणारच आहे.

पुण्याचा_फियाटवाला

राहू दे. पिकअप वाढवला की ब्रेक वाढवावे लागतात हे कुणी धरत नाही. चारही चाकांना ड्रम आहेत. ८० ऐवजी १०० ने जायला लागलात तर थांबवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते, आणि तुळजापूरहून उतरताना ड्रम तापले की पेडल खाली जातं. होटगीरोडकर, इंजिनाच्या नादात हे विसरू नका, तुमच्या गाडीत मास्टर सिलिंडर सिंगल आहे का दोन सर्किटचा ते बघा, व्हील सिलिंडरचे रबर चारही बदला, ब्रेकचे लायनर नवीन टाका. आणि आताचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे, त्यात जुने रबर फुगतात. पेट्रोल पाइप, पंपाचा डायफ्राम, कार्बोरेटरच्या गॅस्केट इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या, इंजिन गरम असताना पाइप ठिबकला तर आग लागायला वेळ लागत नाही.

जुळेसोलापूर_ईव्ही

सगळं वाचलं. इलेक्ट्रिक किटचा विचार केला का? कायद्यात तर चालतंय म्हणालेत वर.

कोर्टगल्ली

चालतं, पण किट टेस्टिंग एजन्सीने त्या गाडीसाठी मंजूर केलेलं असावं लागतं आणि अधिकृत ठिकाणीच बसवावं लागतं. पद्मिनीसाठी मंजूर किट हातात असेल तरच पुढचं बोला, नुसती मोटर आणून बसवली तर परत तेच कलम ५२.

होटगीरोडकर

ठरलं. इंजिन बांधायचं, हेच. दुसरं कुठलंच बसवत नाही. घरी सांगितलं तर आई म्हणाली आधीच का नाही उघडून बघितलं त्या लोकांनी. ब्रेकचं काम सोबतच काढतो, मास्टर सिलिंडर सिंगलच आहे, त्याचं काय करता येतंय ते वेगळं विचारीन. रेडिएटर कोअर बदलायला दिली. मामा, इंजिन उतरवून तुमच्याकडं आणू का गाडीच आणू?

लेथवाला_अक्कलकोटरोड

गाडी आणू नको, माझ्याकडं जागा नाही. तुझ्या मिस्त्रीकडं उतरव आणि ब्लॉक, हेड, क्रँक, चारी रॉड घेऊन ये. उतरवताना तीन गोष्टी. बेअरिंगच्या कॅपवर नंबर नसतील तर पंच मारून घ्यायचे, कॅप अदलाबदल झाली तर सगळं काम वाया. हेडचे नट थंड इंजिनावरच सोडायचे, बाहेरून आत, थोडे थोडे, गरम असताना सोडलं की हेड वाकतंय. आणि जुने पिस्टन फेकायचे नाहीत, तीन नंबरचा पिस्टन बघून मला कळतंय रिंग तुटली का ऑइलच पोचत नव्हतं. ऑइल पोचत नसेल तर नुसतं रिबोअर करून उपयोग नाही, पंप पण उघडावा लागेल. सोमवारी सकाळी ये, दहाच्या आत, मग लाइटचा भरवसा नाही.